माडाखालची मिरी आणि जायफळ: सेंद्रिय खत कुणाला, कुठे आणि कधी

आमच्या वाडीतले मिरीचे सात वेल मी स्वतःच्या हातांनी मारले. मृग लागला होता, गायरीतून (शेणाच्या खड्ड्यातून) शेण काढलेलं होतं, अंगात उत्साह होता. प्रत्येक वेलाच्या बुडाशी दोन-दोन पाट्या ओतल्या आणि वर मातीची छान भर दिली. शेण वरून वाळलेलं, आतून हिरवंच. श्रावणात पानांवर काळपट, पाण्याने भिजल्यासारखे डाग दिसले. आठवडाभरात पानं आणि तुरे गळायला लागले आणि गणपतीच्या आधी माडाच्या खोडावर नुसत्या काळ्या दोऱ्या उरल्या. बुडाशी बोटाने खरवडलं तर साल चिखलासारखी निघून आली.

ही पायकूज, म्हणजेच शीघ्र मर. ती आणणारी फायटोफ्थोरा बुरशी कोकणातल्या बागेत कुठे ना कुठे दबा धरून असतेच. तिला साचलेलं पाणी आणि जखमी किंवा शेकलेली मुळं मिळाली की काम झालं, आणि मी दोन्हींची सोय करून दिली होती. खत वाईट नव्हतं. ते चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी आणि कच्चं पडलं होतं. पुढचं सगळं त्यातून आणि नंतरच्या पावसाळ्यांतून शिकलेलं आहे.

इथे मी नारळ-सुपारीच्या बागेतल्या काळी मिरी, जायफळ आणि दालचिनी या तीन पिकांबद्दल लिहितो आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रावर बसवलेली 'लाखी बाग' बहुतेकांनी पाहिली किंवा ऐकली असेल. साडेसात मीटरवर माड, चार माडांच्या मधोमध जायफळ, दोन माडांच्या मध्ये दालचिनी आणि माडाच्या खोडावर मिरी. गोव्याच्या कुळागरात, म्हणजे तिथल्या पारंपरिक बागायतीत, पोफळीच्या सावलीत हेच पिढ्यान्पिढ्या चालत आलंय, फक्त ते आखून-मोजून केलेलं नसतं.

आधी कुणाचं मूळ कुठे आहे ते बघा

मिश्र बागेत लोकांची पहिली चूक अशी की "माडाला घातलं की मिरीला मिळतंच" असं धरून चालतात. काही अंशी मिळतं, पण ते मिरीच्या सोयीने नाही.

माडाची कामाची मुळं खोडापासून साधारण दोन मीटरच्या घेरात असतात आणि बरीचशी एक फुटाच्या खाली. म्हणून तर साडेसात मीटरवर लावलेल्या बागेत मधली इतकी जमीन रिकामी राहते आणि तिथे मसाल्याला जागा होते. पोफळीचा पसारा त्याहून लहान, मीटरभरातच. मिरीची खाणारी मुळं मात्र अगदी वर असतात, पातेऱ्याच्या (गळलेल्या पानांच्या) थराला लागून. एकदा बघाच: भाद्रपदात चांगल्या वेलाजवळचा ओला पातेरा हाताने अलगद उचला. खालच्या काळ्या कुजलेल्या थरात दोऱ्यासारखी पांढरट मुळं पसरलेली दिसतील, काही तर थेट सडलेल्या पानाला चिकटलेली. तिथे कुदळ चालवायची म्हणजे वेलाचं तोंडच कापायचं. जायफळाचीही बारीक मुळं वरच्या थरात असतात आणि झाडाच्या पसाऱ्याच्या कडेपर्यंत जातात.

त्यावरून जागा अशा ठरतात.

माडाचं खत खोडापासून दीड ते दोन मीटरवर, चर काढून, आणि वेल ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध अर्ध्या गोलात. वेल बहुधा उत्तरेला किंवा पूर्वेला लावलेला असतो, म्हणजे माडाचं पान दक्षिण-पश्चिमेला वाढायचं.

मिरीचं खत वेलाच्या बुडापासून वीतभर-दीड वीत सोडून, अर्ध्या गोलात, खणल्याशिवाय. पातेरा हाताने बाजूला करायचा, खत पसरायचं, पातेरा परत वर ओढायचा. बुडाला खत, पातेरा, माती काहीही टेकू द्यायचं नाही.

जायफळाला बुंध्याशी काही नको. दुपारी बाराला सावली जिथे संपते त्या कडेच्या आत हात-दीड हात रुंद पट्टा धरायचा आणि वरवर उकरून मिसळायचं.

दालचिनीला फुटव्यांच्या झुबक्यापासून फूटभर लांब, गोल.

आणि मिरी असलेल्या माडाला पावसाळ्यात बंदिस्त आळं ठेवू नका. आळ्याचा बांध वेलाच्या बाजूने फोडून पाण्याला वाट द्या. पाऊस सरल्यावर शिंपण्यापुरतं आळं पुन्हा बांधता येतं. निचरा नसलेल्या बागेत कितीही चांगलं खत घातलं तरी ते बुरशीच्याच पोटात जातं.

जांभा आणि पाऊस

आपली जांभ्याची माती आंबट. तिच्यात लोह आणि अॅल्युमिनियम भरपूर, आणि ते स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून बसतात. घातलेला स्फुरद मातीत असतो, पण झाडाला मिळत नाही. वर तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस चार महिन्यांत कोसळतो, त्यात नत्र (नायट्रोजन) आणि पालाश (पोटॅश) धुऊन जातात. म्हणून देशावरचं खताचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चालत नाही.

दोन-तीन वर्षांतून एकदा माती तपासून घ्या. नमुना खत घालण्याआधी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये घ्यायचा. माडाच्या आळ्यातला वेगळा आणि मधल्या जमिनीतला वेगळा. दोन्ही एकत्र केलात तर जो आकडा येईल तो बागेतल्या कुठल्याच जागेचा नसेल. सामू (पीएच) साडेपाचाच्या खाली असेल तर मिरीच्या प्रत्येक वेलाला अर्धा किलो विरलेला चुना, एक वर्षाआड, पहिल्या वळिवानंतर एप्रिल-मेमध्ये. शिंपल्यांचा चुना मिळाला तर उत्तम. पानं जुनी होताना शिरांच्या मधून पिवळी पडत असतील तर डोलोमाइट घ्या, त्यात मॅग्नेशियम मिळतं.

चुना आणि शेणखत यांच्यात निदान पंधरा-वीस दिवसांचं अंतर हवं. राखेचंही तेच. एकदा ओल्या शेणखतात मूठभर चुना मिसळून नाकाशी धरा, डोळ्यांत पाणी येईल. तो उग्र वास म्हणजे तुमच्या खतातला नत्र हवेत निघाला.

आंबट मातीचा एक फायदाही आहे. सेंद्रिय शेतीत चालणारं रॉक फॉस्फेट, म्हणजे स्फुरद असलेल्या खडकाचा चुरा, देशावरच्या चुनखडीच्या जमिनीत दगडासारखं पडून राहतं, आपल्याकडे मात्र ते हळूहळू विरघळतं. हाडांच्या चुऱ्याचंही तसंच. म्हणून ज्या वर्षी चुना घालाल त्या वर्षी त्याच जागी रॉक फॉस्फेट नको, आलटून-पालटून घाला.

जुन्या माणसांची एक सवय मात्र मोडावी लागते. माडाला मीठ घालण्याची. माड ते सोसतो, त्याला मानवतंही. मिरीची मुळं खारेपणा सोसत नाहीत. ज्या माडावर वेल चढवला त्याला मीठ बंद.

खत आधी बागेतच शोधा

वाडीत फिरा आणि जाळलं काय जातंय ते बघा. माड वर्षाला साधारण बारा झावळ्या टाकतो. त्याशिवाय पोयी, सोडणं (नारळाची सालं), पोफळीच्या विऱ्या, केळीचे बुंधे, जायफळाची टरफलं, दालचिनी सोलल्यावर उरलेला पाला आणि डहाळ्या. यातलं निम्मं चुलीत आणि निम्मं शेकोटीत जातं, आणि मग आपण बाहेरून खताची गोणी विकत आणतो.

झावळ्यांचं गांडूळखत कासरगोडच्या नारळ संशोधन संस्थेने चांगलं बसवून दिलंय. रीत अशी. बुडख्याचा जाड देठ तोडून बाजूला ठेवा, बाकीच्या झावळीचे वीतभर तुकडे करा आणि दोन-तीन महिने उघड्यावर पडू द्या. ताजी झावळ गांडुळं खात नाहीत, ती आधी पावसा-दवाने मऊ व्हायला हवी. मग सावलीत, छपराखाली, मीटरभर रुंद टाकी किंवा विटांचा चौकोन. टनभर झावळीला शंभर किलो शेणाचा काला थराथराने. पंधरा-वीस दिवसांत गरमी ओसरली की टनामागे किलोभर, म्हणजे हजारेक, गांडुळं सोडायची. वर जुनं गोणपाट, ओल हाताला लागेल इतकीच. अडीच-तीन महिन्यांत टनाला सातशे किलोच्या आसपास खत हाती येतं. छप्पर नसेल तर पावसाळ्यात हा उद्योग करू नका, सगळा रस वाहून जातो. मुंग्या आणि कोंबड्या हे दोन खरे शत्रू. टाकीभोवती पाण्याची छोटी पन्हळ ठेवली की मुंग्यांचा प्रश्न सुटतो, कोंबड्यांसाठी जाळी.

सोडणं जाळू नका. त्यांत पालाश आहे आणि ती पाणी धरून ठेवतात. कार्तिकात जायफळाभोवती सोडणांचा एक थर पालथा अंथरा, म्हणजे गोल पाठ वर. उताणी ठेवलीत तर वळिवाचं पाणी साचून डास होतात. बुंध्यापासून फूटभर लांब ठेवा, आणि वर्षातून एकदा काठीने उलटून बघा, खाली वाळवी किंवा आणखी कुणी मुक्कामाला असू शकतं.

केळीचा बुंधा घड काढल्यावर तिथेच उभा कुजू देतात. तो चिरून जायफळाखाली पसरा. पालाशसाठी याहून सोपी वस्तू वाडीत नाही.

कुंपणाला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. पावसाच्या सुरुवातीला मनगटाएवढ्या जाडीचे, छातीइतक्या उंचीचे खुंट रोवले की लागतात. दुसऱ्या वर्षापासून दोन-तीनदा छाटणी मिळते. शंभर किलो ओल्या पाल्यात साधारण सहाशे ग्रॅम नत्र धरा. हा पाला कोवळा असतानाच घालायचा, लाकूड झालेल्या काटक्या चुलीला.

आता गायरी. घरची गाय असेल तर निम्मी लढाई जिंकलेली, पण कोकणातली गायरी बहुतेकदा उघडी असते, आणि पावसात तिचा काळा रस पऱ्ह्याला (ओढ्याला) जातो. तोच तर खताचा जीव. वर झावळ्यांचं छप्पर टाका आणि गोठ्यातलं मूत पन्हळीने त्याच खड्ड्यात आणा. शेण, पातेरा, थोडी माती असे थर. दीड-दोन महिन्यांनी एकदा वरखाली. सहा महिन्यांत खत तयार होतं.

वरखाली करताना अंगठ्याएवढी जाड, पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी दिसेल. ती गेंड्या भुंग्याची. मोठी झाली की हीच माडाचा कोंब पोखरते. म्हणजे मिरीसाठी खत करताना तुम्ही माडाचा शत्रू पोसत असता. अळ्या वेचा, कोंबड्यांना घाला, आणि खड्ड्यात मेटारायझियम बुरशीचं कल्चर मिसळा. काही आठवड्यांनी हिरव्या भुकटीने माखलेल्या मेलेल्या अळ्या सापडल्या की समजा काम सुरू झालं.

खत तयार झालं हे कसं ओळखायचं? मुठीत दाबलं की गोळा होतो, बोट लावलं की फुटतो, पाणी टपकत नाही. आत हात घातला तर गरम लागत नाही. पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास. तरी शंका असेल तर करवंटीत खत भरून दहा मूग टाका. चार-पाच दिवसांत सरळ, हिरवे कोंब आले तर मिरीला घालायला हरकत नाही. मूग सडले तर आणखी महिनाभर थांबा. हे मूग मी त्या वर्षी पेरले असते तर सात वेल वाचले असते.

वीस गुंठ्यांचा हिशेब

हिशेब कंटाळवाणा वाटतो, पण तो न केल्यामुळेच सेंद्रिय बागा उपाशी राहतात. साडेसात मीटर अंतराने वीस गुंठ्यांत सुमारे ३५ माड बसतात. प्रत्येकावर दोन वेल धरले तर ७० वेल. मध्ये २५ जायफळं आणि ५५-६० दालचिनी.

पूर्ण वाढलेल्या माडाला वर्षाला ५० किलो शेणखत, मिरीच्या वेलाला १०, मोठ्या जायफळाला ५० आणि दालचिनीला २० किलो धरलं तर बेरीज पाच टनांच्या जवळ जाते.

आता जमा बाजू. कोकण कपिलासारखी लहान चणीची गाय दिवसाला सहा-सात किलो शेण देते. पातेऱ्यासकट वर्षाला तिचं दीड टन खत धरा, दोन गाईंचं तीन टन. ३५ माडांच्या झावळ्यांतून पाऊण ते एक टन गांडूळखत. गांडूळखत वजनाला कमी असलं तरी त्यातला नत्र शेणखताच्या तिप्पट भरतो, म्हणून तेवढंच अडीच-तीन टन शेणखताच्या तोडीचं. दोन गाई आणि न जाळलेल्या झावळ्या, एवढ्यावर वीस गुंठ्यांचं भागतं. गाय नसेल तर शेणखत विकत घेणं आलंच, आणि तिथे पैसे वाचवू नका.

पण पाच टन घालूनही सगळं मिळतंच असं नाही. एका जायफळाचंच बघू. दहा वर्षांच्या झाडाला ५०० ग्रॅम नत्र, २५० ग्रॅम स्फुरद आणि एक किलो पालाश लागतो असं शिफारशीत असतं. ५० किलो शेणखतातून नत्र २५०, स्फुरद १००, पालाश २५० ग्रॅम. तीन किलो निंबोळी पेंडीतून नत्र १५०, स्फुरद ३०, पालाश ४५. वीस किलो गिरिपुष्पाच्या पाल्यातून नत्र १२० आणि पालाश ८०च्या आसपास. नत्र झाला. स्फुरदासाठी सहाशे ग्रॅम हाडांचा चुरा, त्यातून १२०, तोही झाला. पालाश मात्र जेमतेम पावणेचारशेवर अडकतो. पाच किलो चुलीची चांगली राख घातली तर आणखी दोन-अडीचशे. उरलेला सोडणं, केळीचे बुंधे आणि झाडाचा स्वतःचा पातेरा यांतून यायचा.

सेंद्रिय बागेत सगळे नत्राची काळजी करतात. अडतं ते पालाशवर. जुन्या पानांच्या कडा करपल्यासारख्या होऊन वाळतात, फळं लहान राहतात, आणि माणूस म्हणतो रोग आला. एवढी काटकसर करूनही तपासणीत पालाश कमीच येत असेल तर खनिज सल्फेट ऑफ पोटॅशचा विचार करा. प्रमाणपत्र घेणार असाल तर ज्यांच्याकडून घ्यायचं त्यांना आधी विचारून. म्युरेट ऑफ पोटॅश सेंद्रियात चालत नाही.

आणखी एक. शेणखतातला नत्र पहिल्या वर्षी सगळा मिळत नाही, फार तर तिसरा हिस्सा. बाकीचा पुढच्या वर्षांत. म्हणून युरिया बंद केल्यावर पहिली दोन-तीन वर्षं बाग पिवळट दिसते आणि शेजारी हसतात. त्या काळात पेंड आणि गांडूळखत थोडं जास्त घालावं लागतं. चौथ्या वर्षी मागची शिल्लक कामी यायला लागते.

मिरी

मिरीला नुसतं खत देऊ नका, राखणदारासकट द्या. नव्वद किलो चाळलेलं शेणखत, दहा किलो निंबोळी पेंड, एक ते दोन किलो ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी. सावलीत ढीग, वर ओलं गोणपाट, दर तीन-चार दिवसांनी हलवायचं, पाण्याचा हबका मारायचा. पंधरा दिवसांत ढिगावर पांढरी, मग हिरवट बुरशी दिसते. घाबरू नका, तीच हवी आहे. हे मिश्रण प्रत्येक वेलाला दोन-तीन किलो, बाकीचं साधं कुजलेलं खत.

वर्षाचा वाटा दोनदा. पहिला पावसाच्या तोंडावर, वळीव पडून जमीन भिजल्यावर पण मृगाची झड लागायच्या आधी. या दिवसांत वेलाला नवी पालवी आणि तुरे येतात. दुसरा भाद्रपद-आश्विनात पाऊस ओसरल्यावर, तेव्हा दाणे भरत असतात. आषाढात काही घालू नका, ते समुद्राला मिळतं.

पायकूज रोखायला अनेकजण एक टक्का बोर्डो फवारतात आणि बुडाशी ओततात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. सेंद्रियात त्याला मर्यादित परवानगी असते. पण बोर्डो ही बुरशी मारणारी गोष्ट आणि ट्रायकोडर्मा ही बुरशीच. एकाच आठवड्यात दोन्ही एकाच जागी ओतलेत तर दोन्हीचे पैसे वाया. बोर्डो मृगाच्या आसपास पानांवर आणि खोडावर, ट्रायकोडर्माचं खत त्याआधी किंवा नंतर तीन-चार आठवडे सोडून.

कोवळ्या वेलाला पहिल्या वर्षी या मापाचा तिसरा हिस्सा, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, तिसऱ्यापासून पूर्ण. पोफळीवर चढवलेली मिरी असेल तर अंतर आखडतं, दोघांची मुळं जवळजवळ असतात. तिथे पोफळीचा स्वतःचा वाटा, म्हणजे १२ किलो शेणखत आणि १२ किलो हिरवा पाला, वेलाच्या विरुद्ध बाजूला, आणि पोफळीभोवतीसुद्धा खोल चर नको.

जायफळ आणि दालचिनी

जायफळ हावरट झाड आहे, पण सावकाश खातं. वयाप्रमाणे वाढवत न्या: पहिल्या वर्षी दहा किलो शेणखत आणि दरवर्षी चार-पाच किलोंनी वाढवत दहाव्या वर्षी पन्नास. वाटे दोन, जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आमच्याकडे फळांचा मोठा हंगाम पावसाळ्यात येतो. खाली पडलेली फळं वेचताना बायका झाडाखाली सारख्या फिरतात, म्हणून मी सोडणांचा थर पावसात काढून बाजूला ढीग लावतो आणि कार्तिकात परत पसरतो. ओल्या सोडणावरून पाय घसरलेली माणसं मी पाहिली आहेत.

जायपत्री आणि बी काढल्यावर उरणारं टरफल हे फळाचं सर्वांत जड अंग. लोणचं, सरबत, कँडी करून जे उरेल ते परत त्या झाडाखाली. ताजी टरफलं आंबट असतात, म्हणून थेट मुळांवर न टाकता आधी गायरीत.

उन्हाळ्यात जायफळ पाण्यावाचून तग धरत नाही, आणि ओल नसेल तर सेंद्रिय खत कुजत नाही. माघ ते वैशाख शिंपणं चुकवलं तर त्या वर्षीचं खत नुसतं पडून राहतं.

दालचिनीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ती या तिघांत सर्वांत सोशिक. पावसाळ्यानंतर फांद्या कापून साल काढली की नवे फुटवे येतात, त्यांना नत्र हवा. कापणीनंतर लगेच वीस किलोंतला निम्मा वाटा आणि किलोभर पेंड, उरलेला निम्मा पावसाच्या सुरुवातीला. सोललेल्या काड्या सरपणाला गेल्या तरी चालतील, पाला मात्र झाडाखालीच हवा.

जीवामृत, पेंड आणि फसवणूक

जीवामृताबद्दल माझं मत काहींना आवडणार नाही. दोनशे लिटरच्या पिंपात दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, मूठभर बांधावरची माती. यातला सगळा नत्र मोजला तर दोनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, आणि तो एकरभर वाटायचा. एका माडाला वर्षाला किलोभर नत्र लागतो. जीवामृताने पातेरा लवकर कुजतो, मातीत हालचाल दिसते, मीही हिवाळ्यात शिंपण्याच्या पाण्यातून महिन्याला एकदा देतो. पण ते विरजण आहे. दूध घातल्याशिवाय नुसत्या विरजणाचं दही होत नाही. खताच्या जागी जीवामृत देऊन बाग उपाशी ठेवलेली मी शेजारीच पाहिली आहे.

निंबोळी पेंडीत भेसळ फार. एका वर्षी मी दहा गोण्या घेतल्या, रंग तपकिरी, दर स्वस्त. घरी येऊन ग्लासभर पाण्यात चमचाभर टाकून ढवळली तर तळाला बोटभर वाळू बसली आणि वर भुसा तरंगला. तेव्हापासून गोणी उघडून आधी जिभेवर चिमूट ठेवतो. खरी पेंड कडू जहर लागते आणि तो कडवटपणा जेवणापर्यंत जात नाही. पाण्याची परीक्षा दुकानातच करा. दुकानदार कुरकुरला तर गोणी तिथेच ठेवून या. करंजाची पेंड जवळपास मिळत असेल तर तीही चांगली. नत्र निंबोळीपेक्षा थोडा कमी, पण कोकणात तिच्यात भेसळ कमी होते असा माझा अनुभव.

मासळीचं खत किनाऱ्यालगत स्वस्त मिळतं आणि माडाला फार मानवतं. मासळीला मीठ लावलेलं असेल तर मिरीपासून लांब ठेवा. आणि उघडं घालू नका, रात्रीत कुत्री आणि कोल्हे सगळी वाडी उकरून ठेवतात, मिरीच्या मुळांसकट.

प्रमाणपत्र हवं असेल तर

मिरी आणि जायपत्री 'सेंद्रिय' म्हणून विकायची तर बारमाही पिकांना साधारण तीन वर्षांचा बदलाचा काळ धरला जातो. परदेशी पाठवायची नसेल तर शेजारच्या शेतकऱ्यांचा गट करून पीजीएस पद्धतीने, म्हणजे एकमेकांची बाग तपासून हमी देत, प्रमाणपत्र घेता येतं, खर्च बराच कमी. दोन्हीकडे वही विचारतात. कुठल्या तारखेला, कुठल्या ओळीत, किती पाट्या, शेणखत कुणाच्या गोठ्यातलं. ही वही प्रमाणपत्र नको असलं तरी ठेवा. माझ्या वहीत त्या सात वेलांच्या पानावर फक्त "शेण, २ पाट्या, बुडाशी" एवढंच आहे आणि दोन महिन्यांनंतरच्या पानावर त्याच ओळीचे नंबर खोडलेले.

त्या सात माडांवर पुन्हा मिरी लावली ती तीन वर्षं थांबून. मधल्या काळात तिथे दर पावसाच्या सुरुवातीला आळ्याबाहेर चवळी पेरली आणि फुलावर आल्यावर तिथेच आडवी केली, ट्रायकोडर्माचं खत पसरत राहिलो. यंदा आश्विनात दुसरा वाटा घालताना पाचव्या माडाखालचा पातेरा उचलला तेव्हा खाली गांडुळांची विष्ठा आणि पांढऱ्या मुळांची जाळी दिसली. तिथे मी खत पसरलं, पातेरा परत ओढला आणि वेलाच्या बुडाभोवतीची हातभर जागा केरसुणीने झाडून मोकळी ठेवली.